माहीमच्या खाडीवरील चौक्या

आमच्या देवळाचा पाया केव्हां घातला गेला व येथें कोणकोणत्या पाद्रींनीं सेवा केली, ही हकीकत या ज्युबिली स्मरणांकांत अन्यत्र आलीच आहे. आम्ही येथें देवळाबाहेर पडून थोडेंसें खाडीकडे वळतों. आमच्या पूर्वजांपैकीं कित्येकांचें पोट याच पाण्यावर भरत असे. आणि या पाण्यावर हुकूम कोणाचा, याविषयीं पोर्तुगीज व इंग्रज यांचें भांडण पाऊणशें वर्षें चाललें होतें. त्या भांडणाच्या इतिहासांत विजरई व गव्हर्नर यांचीं नांवें पानोपानीं आढळतात; ज्यांच्या होड्या अडविल्या गेल्या, त्या तांडेलांचीं व खलाशांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

इ. स. १६६१ च्या तहानें पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहानिमित्त मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास देण्याचें ठरलें. पुढल्याच वर्षीं सर अब्राहम शिपमन हा बेट ताब्यांत घेण्यास आला. परंतु विजरई आंतोनियो द मेलो द कास्त्रो यानें तें देण्याचें नाकारिलें. कारवारनजीक अंजदीव बेटावर वाट पाहतां पाहतां शिपमन व त्याचे बहुतेक शिपाई मरण पावले. उरलेल्या मूठभर लोकांस घेऊन त्याचा चिटणीस हंफ्रे कुक यानें १६६५ च्या जानेवारींत विजरईशीं करार केला, तेव्हां कोठें बेट हातीं आलें.

या कराराबद्दल इंग्रज ग्रंथकार कुक यास मनसोक्त नांवें ठेवितात. त्यानें घाई केली, हक्क सोडून दिले, असें त्यांचें म्हणणें आहे. आणि तें खोटें नाहीं. तथापि कोळ्याच्या होडींत बसून तोच कागद वाचला, तर त्यांतील दोन कलमें फार मोलाचीं वाटतात. साष्टी, वांद्रें, करंजा येथील लोकांनीं बंदरांतून व वांद्र्याच्या खाडींतून विनाअडथळा, कांहीं एक न देतां, ये-जा करावी. आणि दोन्ही तीरांच्या लोकांनीं या पाण्यांत मोकळेपणीं मासेमारी करावी, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. ज्या वांद्र्याच्या कोळ्यांकरितां जेझुइट पाद्रींनीं सेंट आंद्रूचें देऊळ बांधिलें, त्यांस याहून अधिक काय हवें होतें?

पण त्याच कागदांत आणखी एक कलम होतें. साष्टीकडील कुणबी, भंडारी इत्यादि रयत मुंबईंत पळून आली, तर इंग्रजांनीं तिला थारा न देतां परत हवालीं करावें. साष्टींतील जमीनदारांस शेतावर माणसें पाहिजे होतीं, आणि मुंबईसही हात कमीच पडत होते. अशा स्थितींत रात्रीं एखादें कुटुंब होडींत घालून पैलतीरीं पोंचविणारा नावाडी पोर्तुगीजांच्या दृष्टीनें अपराधी ठरे. खाडी तीच, वल्हें तेंच. सकाळीं मासळी नेली तर हक्क, रात्रीं माणूस नेला तर गुन्हा!

कराराची शाई वाळते न वाळते तोंच कुक यानें माहीमही घेतलें. ओहोटीच्या वेळीं मुंबईहून माहीमला पायीं जातां येतें, म्हणून तें मुंबईचाच भाग होय, असा इंग्रजांचा युक्तिवाद होता. तेथें त्यांनीं जकातघर व पहाऱ्याची चौकी उभी केली. १६७३ सालीं इकडे आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानें तीं आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलीं आहेत. समोर वांद्र्यास जेझुइटांच्या वास्तूवर तोफा होत्या, व टोंकाला १६४० चा पोर्तुगीज किल्ला होता.

उलट बाजूनें पोर्तुगीजांनीं ठाणें व करंजा येथें मुंबईच्या मालावर जकात बसविली. कल्याण शिवाजी महाराजांकडे होतें. तेथून भात किंवा लांकूडफांटा भरून मचवा निघाला, कीं ठाण्याच्या तोफांखालूनच तो जाई. पेण-नागोठण्याकडून यावें, तर वाटेवर करंजा. नाक्यावर शीड उतरावयाचें, माल दाखवावयाचा, रक्कम भरावयाची, आणि या खटपटींत भरती निघून गेली तर पुढील भरतीपर्यंत चिखलांत बसून राहावयाचें. ज्यास खाडीचा अनुभव आहे, त्यास या शेवटल्या नुकसानीचें महत्त्व सांगावयास नको. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर यानें या जकातींविरुद्ध पुष्कळ लिहिलें. १६७७ सालीं खुद्द चार्ल्स राजानें कुकचा करार आपणांस मान्य नसल्याचें विजरईस कळविलें. पण करार नाकारिला म्हणजे मोफत ये-जा करण्याचें कलमही गेलें, हें लक्षांत घेतलें पाहिजे. सत्तांचें बिनसलें कीं साष्टींतून मुंबईस जाणारें धान्य व सरपण बंद होई, आणि होड्या किनाऱ्यास ओढून ठेवाव्या लागत.

पुढें ही सीमा आमच्या धर्मजीवनांतही शिरली. १७२० सालीं इंग्रजांनीं मुंबई बेटांतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्रींस काढून लाविलें व तेथील ख्रिस्ती लोकांस कार्मेलाइट विकर अपोस्तोलिकाच्या हाताखालीं दिलें. वांद्रें मात्र गोव्याच्या आर्चबिशपांकडेच राहिलें. एकच भाषा बोलणारे, एकच धंदा करणारे लोक आतां निरनिराळ्या धर्माधिकाऱ्यांचे झाले. त्यांतून उद्भवलेल्या दुहेरी अधिकाराचा घोळ पुढें फार वाढला व १९२८ सालीं मिटला. तो विषय निराळा आहे.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां साष्टींतील पोर्तुगीज चौक्या आधींच मराठ्यांच्या हातीं आल्या होत्या. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांस मिळूं नये म्हणून इंग्रजांनीं सुरुंगानें उडविला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें काबीज केलें, आणि मग खाडीचे दोन्ही तीर एकाच सत्तेकडे आले. तरीही माहीम ते वांद्रें जावयाचें म्हणजे तरींतूनच. १८४५ सालीं जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं दिलेल्या दीड लाखांहून अधिक रुपयांतून बांधलेला पूल लोकांस खुला झाला. त्यावर टोल नव्हता. तरवाल्यांनीं पुढें कोणता धंदा धरिला, हें कोणींच लिहून ठेविलें नाहीं.