रेणूचे सूत्र आणि चौथा दशांश

सेंद्रिय पदार्थाचे रेणुसूत्र काढायचे, तर शतकभर एकच राजमार्ग होता : पदार्थ जाळा आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड व पाणी तोला. १८३१ मध्ये गीसेनच्या लीबिखने ही पद्धत सोपी केली. पण तिच्यातून मिळते ते अणूंचे प्रमाण. आणि रेणू मोठा झाला की तेही डळमळते. सलीमुझ्झमान सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून वेगळे केलेले अजमलीनच घ्या. (हकीम अजमल खानांवरून हे नाव.) त्याच्या रेणूत २० कार्बन, २६ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन, म्हणजे कार्बन ७३.६ टक्के. एक कार्बन व दोन हायड्रोजन वाढवले, तर ७४.१ टक्के. ज्वलनात ०.३-०.४ टक्क्यांची चूक चालवून घेतली जाई. मग निवाडा कशाच्या बळावर करायचा?

केंब्रिजच्या ॲस्टनने १९१९ मध्ये वस्तुमान मोजणारे यंत्र उभारले, ते रसायनज्ञांसाठी नव्हे. समस्थानिक शोधणे हे त्याचे वेड. १९२७ पर्यंत त्याने दाखवून दिले, की अणूंची वस्तुमाने पूर्णांकाजवळ असली तरी नेमकी पूर्णांक नसतात. अणुकेंद्र बांधले जाताना थोडे वस्तुमान ऊर्जारूपाने निघून जाते. सगळी मेख या किरकोळ फरकात आहे. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि एथिलीन, तिघांचेही ढोबळ वस्तुमान २८. पण आजच्या मापाने, म्हणजे कार्बन-१२ बरोबर १२ धरून, बारकाईने मोजाल तर अनुक्रमे २७.९९४९, २८.००६१ आणि २८.०३१३. सूत्र दशांशातच दडलेले!

ते वाचायला मात्र १९५४ उजाडावे लागले. मधल्या काळात तेल कंपन्यांनी हे यंत्र वापरले, पण ओळखीच्या हायड्रोकार्बनांची मोजदाद करायला. अनोळखी रेणूला त्याचे सूत्र विचारले ते जॉन बेनन या भौतिकशास्त्रज्ञाने, आणि तेही विद्यापीठात नव्हे, तर मँचेस्टरमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या रंगविभागात. मला यात नवल वाटत नाही. रसायनज्ञांना आपल्या ज्वलननळीचा अभिमान फार. पुढे १९६३ मध्ये बेनन आणि विल्यम्स यांनी वस्तुमानांची कोष्टकेच छापली : मोजलेला आकडा शोधा, समोर संभाव्य सूत्रे. पडताळ्याला कार्बन-१३ होताच. निसर्गात तो १.१ टक्का, म्हणून २० कार्बनांच्या रेणूच्या रेषेशेजारी एका एककाने जड अशी सुमारे २२ टक्के उंचीची दुसरी रेषा दिसते.

अजमलीनच्या बाबतीत तर दशांशांचीही गरज नाही. त्याचे वस्तुमान ३२६. वाढीव सूत्राचे ३४०. जो वाद तराजूत अर्ध्या टक्क्याचा, तो इथे चौदा एककांचा.