सनद: कागद आहे, पण ऐकतंय कोण?

आजच्या एपिसोडचा शब्द तुम्ही रोज ऐकता, पण वेगवेगळ्या वेषात. सनदी अधिकारी, सनदी लेखापाल, वकिलीची सनद. आंदोलन ‘सनदशीर मार्गाने’ करा, असं नेतेमंडळी सांगतात, तीही हीच सनद.

शब्द अरबी. मुळात अर्थ आहे आधार, टेकू. आपल्याकडे सनद म्हणजे वरच्या सत्तेने शिक्का मारून दिलेला हक्काचा कागद. पण टेकूच डळमळीत असेल तर?

१७१९ साल घ्या. बाळाजी विश्वनाथ मराठ्यांची फौज घेऊन सय्यद बंधूंच्या मदतीला दिल्लीत पोचले. फर्रुखसियरला गादीवरून खाली खेचलं गेलं आणि रफी-उद-दरजात बादशहा झाला. त्याच्या नावाने शाहू महाराजांना सनदा मिळाल्या: दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, वर सरदेशमुखीचे दहा टक्के, आणि स्वराज्याला मान्यता. बदल्यात १५,००० घोडदळ बादशाही सेवेसाठी ठेवायचं. येसूबाईंची सुटकाही याच वेळची.

गंमत बघा, सनद देणारा बादशहा त्याच वर्षी जूनमध्ये गेला. स्वतःच्या गादीचीच शाश्वती नसलेला माणूस दुसऱ्याला हक्क देत होता! आणि दख्खनमध्ये बसलेला निजाम पुढे म्हणायला लागला, चौथाई द्यायची कुणाला, साताऱ्याच्या शाहूंना की कोल्हापूरच्या संभाजीराजांना? तुम्ही आधी ठरवा, मग बघू. म्हणजे कागद खरा, पण पैसे बंद. शेवटी पहिल्या बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडलं, मग मुंगी-शेवगावच्या तहात तो कबूल झाला. नऊ वर्षांपूर्वीच्या सनदेतलं देणं वसूल करायला एक लढाई लागली. मला वाटतं, शाळेत पालखेड शिकवताना हा धागा सांगायलाच हवा.

आता याची उलट बाजू. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशन नेमलं, आणि १८५२ मध्ये त्याला कायद्याचं बळ दिलं. काम काय? जमिनीच्या इनामांची तपासणी. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसताय, देवस्थानाला उत्पन्न मिळतंय, ठीक आहे, पण सनद दाखवा. आता विचार करा, घर जळालेलं असतं, पुरात दप्तर वाहून गेलेलं असतं, भाऊबंदकीत कागद कुणाकडे गेला याचा पत्ता नसतो. गाव साक्ष देईल, पण साहेबाला कागद हवा. कितीतरी इनामं खालसा झाली. इथे सनद हक्क देत नव्हती, हक्क काढून घेण्याचं हत्यार झाली होती. १८५७ च्या आधी दक्षिण महाराष्ट्रात जो राग साचला, त्यात या तपासणीचा वाटा मोठा होता.

आणि आज? सरकारी कार्यालयात भिंतीवर एक फलक असतो, ‘नागरिकांची सनद’. कोणता दाखला किती दिवसांत, फी किती, जबाबदार कोण. हा प्रकार भारतात १९९७ पासून सुरू झाला. बादशहाच्या जागी आता कार्यालय आहे, आणि शाहूंच्या जागी तुम्ही-आम्ही. पण बरीच वर्षं हा नुसता शब्द होता, मुदत टळली तर फार काही व्हायचं नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम केला. शब्द बदलला, बघा: सनद नाही, हक्क. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर त्याच खात्यात दोन अपिलं, मग तिसरं थेट आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पुढच्या वेळी दाखल्यासाठी अर्ज कराल तेव्हा पोचपावती घ्यायला विसरू नका. मुदतीचे दिवस तिच्यावरूनच मोजतात.