चिकलठाण्यातील घरगुती इंटरनेट : तारेचे अंतर आणि वेगाचा इतिहास

डीएसएल, केबल आणि फायबर या तीन माध्यमांची तुलना प्रायः त्यांच्या कमाल वेगावरून केली जाते. इतिहासाच्या दृष्टीने ही तुलना अपुरी आहे. एखाद्या वस्तीतील घराला प्रत्यक्षात किती वेग मिळाला हे जाणण्यासाठी तेथे कोणती तार, कोणत्या हेतूने आणि कोणी आधी टाकली होती हे पाहावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) पूर्वेस, जालना रस्त्यावर वसलेले चिकलठाणा या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. औद्योगिक वसाहत, विमानतळ आणि सुखना नदीकाठचे जुने गाव अशा तीन भिन्न गरजांचे प्रदेश येथे एकमेकांना लागून आहेत.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली ती महानगरांपुरती. इतर गावांतून एसटीडीने तेथील क्रमांक फिरवावा लागे, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी बंद राही. या काळात उद्योगांची गोष्ट निराळी होती. सॉफ्टवेअर निर्यातदारांना जलद संपर्कवाहिन्या पुरविण्यासाठी केंद्र शासनाने १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली; तिचे शहरातील केंद्र पुढे चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतच आले. म्हणजे जलद वाहिनी या परिसरात अवतरली ती कार्यालयासाठी. शेजारच्या घरांच्या वाट्याला तांब्याची जोडतारच राहिली.

या जोडतारेवर घरगुती ब्रॉडबँडची इमारत उभी राहिली. ऑक्टोबर २००० मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमने २००५ मध्ये 'डेटावन' ही डीएसएल सेवा आणली. नवी तार टाकावी लागत नव्हती, हे तिचे मोठे बलस्थान. घरात एक स्प्लिटर बसविला की बोलणे आणि इंटरनेट एकाच तारेवरून चाले. मर्यादाही त्या तारेतच होती. तांब्यातून जाणारा उच्च कंप्रतेचा संकेत अंतरागणिक क्षीण होतो. एडीएसएल-२ प्लस पद्धतीत टेलिफोन एक्स्चेंजपासून सुमारे एक किलोमीटरच्या आत २४ मेगाबिटपर्यंतचा वेग शक्य असतो. तीन किलोमीटरनंतर तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि पाच किलोमीटरपलीकडे जोडणी टिकणेच कठीण होते. हे अंतर रस्त्याने नव्हे, तर तारेच्या वळणांनी मोजावयाचे असते. मोठे भूखंड आणि रुंद रस्ते असलेल्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहणाऱ्यास ही बाब विशेष जाचक ठरते. पावसाळ्यात जोडपेटीत पाणी शिरले की उरलासुरला वेगही जाई.

तार एकाच्या मालकीची असल्याने पर्यायही नव्हता. ही तार इतर सेवादात्यांना वापरू द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ मध्ये केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती बंधनकारक केली नाही. कित्येक युरोपीय देशांत स्पर्धा वाढली ती अशा खुल्या तारेमुळे, हे लक्षात घेता ही एक गमावलेली संधीच म्हणावी लागेल. धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य ठेवले होते. त्या वर्षाअखेरीस ते सुमारे १ कोटी १० लाख भरले.

केबलचे माध्यम तत्त्वतः अधिक सक्षम होते. परंतु दूरचित्रवाणीसाठी टाकलेले हे जाळे एकेरी होते. परतीच्या वाहिनीसाठी प्रवर्धक बदलणे आवश्यक असे, आणि गच्चीवरून गच्चीवर तार ओढणाऱ्या स्थानिक केबलचालकास ते परवडणारे नव्हते. शिवाय एका भागातील सर्व घरे हीच क्षमता वाटून घेत असल्याने सायंकाळी वेग घसरे.

फायबरमध्ये अंतराचा हा जाच जवळजवळ नाहीसा होतो. वीस किलोमीटरपर्यंत वेगात फरक पडत नाही. मात्र नवी वाहिनी घरापर्यंत न्यावी लागते, आणि खाजगी कंपनी साहजिकच दाट वस्तीपासून आरंभ करते. शासनाची २०११ मध्ये मंजूर झालेली व पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतींसाठी आखलेली होती. महापालिका हद्दीतील चिकलठाणा त्या चौकटीत बसत नव्हते. गावाचे गावपण गेले, पण शहराची घनता पुरती आली नाही, अशा वस्त्यांचा विचार कोणत्याच योजनेत ठळकपणे आढळत नाही. घरगुती फायबर सेवांचा मोठा विस्तार २०१९ नंतरचा. त्याच सुमारास, जानेवारी २०२० अखेरीस, भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले; जुन्या तारेची नस जाणणारे अनेक लाईनमन त्यांत होते.

पुढे दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि महाविद्यालयीन तासिका घरांतून होऊ लागल्या. तेव्हा प्राध्यापकाला गरज होती ती घरातून बाहेर जाणाऱ्या वेगाची. डीएसएलमध्ये रचनेनेच तो उतरत्या वेगाच्या अल्पांश असतो. ब्रॉडबँडच्या शासकीय व्याख्येत किमान वेग २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट असा वाढत गेला. या तिन्ही व्याख्यांत मोजला गेला तो केवळ उतरता वेग.