मॉरिशसला केव्हा जावे?

हल्ली आपल्या गावातील पुष्कळ मंडळी मॉरिशसला जाऊन येतात, आणि जाण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात : तेथे कोणत्या महिन्यात जावे? प्रश्न व्यवहाराचा आहे आणि उत्तरही सोपे आहे. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि तोच पावसाचा व चक्रीवादळांचा काळ; मे ते ऑक्टोबर सौम्य हिवाळा. ऑक्टोबर सर्वांत कोरडा. तेव्हा दिवाळीची सुटी उत्तम, मे महिन्याची सुटीही चांगली. नाताळात ज्याला जायचे असेल त्याने आकाशाकडे लक्ष ठेवून जावे. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्यावर जोराने वाहतो, म्हणून त्या दिवसांत पश्चिम किनारा धरावा. याहून अधिक माहिती प्रवासी कंपनीचा कारकून देईल. आम्हांला बोलायचे आहे ते निराळ्या गोष्टीविषयी. या बेटावर गेल्या चारशे वर्षांत जे जे आले, त्यांपैकी आपला महिना आपण निवडण्याची मुभा कोणाला होती?

सेनापतींना होती. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले, तेव्हा वादळांचा हंगाम अंगावर येत होता. म्हणून जनरल ॲबरक्रॉम्बीने केपकडून येणाऱ्या तुकडीची वाट न पाहता नोव्हेंबरच्या अखेरीस सैन्य उतरवले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम उरकले. कादंबरीकारांना तर याहून मोठी मुभा असते. ‘सेंत जेराँ’ नावाचे फ्रेंच जहाज १७४४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे वादळांचा हंगाम नसताना, बेटाच्या ईशान्येस प्रवाळाच्या कड्यावर आपटून बुडाले. बेर्नार्दां द सेंत-पिएरने पुढे आपल्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या कादंबरीत तीच घटना उचलून डिसेंबरच्या तुफानात नेऊन ठेवली. नायिका बुडवायची तर तुफान हवेच! त्याबद्दल आमची तक्रार नाही.

मजुरांना मात्र अशी मुभा नव्हती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. महिना पाच रुपये आणि वर शिधा, मुदत पाच वर्षे, असा त्यांचा करार होता. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ पासून बंद व्हायची होती आणि मळेवाल्यांना त्याआधीच नवे हात हवे होते. तारीख ठरली ती या गरजेने. ती वादळांच्या हंगामाच्या उंबरठ्यावरची आहे, हे त्या छत्तीस जणांना कोणी सांगितले असेल असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्यामागून पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे याच वाटेने गेली. १८४० नंतरच्या दशकांत मुंबई बंदरातूनही जहाजे सुटू लागली, आणि रत्नागिरीकडची व घाटावरची मराठी माणसे त्यांत चढली.

आता मुंबईहून शिडाच्या जहाजाने निघायचे, तर वाऱ्याचा हिशेब काय होता? कोकणातल्या माणसाला तो सांगायला नको. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आपली बंदरे बंद. दक्षिणेकडे जायला पाठीशी वारा मिळतो तो ईशान्य मोसमी वाऱ्याचा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. पण साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर अंतर काटून, कित्येक आठवड्यांनी जहाज मॉरिशसजवळ पोचावे, तो नेमका तेथील चक्रीवादळांचा मोसम! इकडचा अनुकूल काळ तोच तिकडचा धोक्याचा. खलाशाला हे ठाऊक असे, मळेवाल्याला ठाऊक असे. तळघरातल्या मजुराला इकडचा तेवढा ठाऊक असे.

या अज्ञानाची किंमत १८५६ च्या जानेवारीत दिसली. कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवर पटकी होती, म्हणून त्यांतील मजुरांना मॉरिशसच्या उत्तरेकडील गॅब्रिएल नावाच्या लहानशा बेटावर उतरवून वेगळे ठेवण्यात आले. भर पावसाळा, धड निवारा नाही. अडीचशेहून अधिक माणसे तेथेच मेली. प्रकरण इतके गाजले, की हिंदुस्थान सरकारला मॉरिशसची भरती काही काळ बंद ठेवावी लागली. आमच्या मते त्यांचा बळी एकट्या पटकीने घेतला नाही. उघड्या बेटावर छपरावाचून पाऊस झेलायला लावला, तोही त्यात वाटेकरी होता.

शास्त्राने काही केले नाही असे नाही. चार्ल्स मेल्ड्रम हे गणिताचे प्राध्यापक आधी मुंबईच्या शिक्षणखात्यात होते. तेथून मॉरिशसला गेल्यावर त्यांनी १८५१ मध्ये हवामानाची संस्था काढली, जहाजांच्या नोंदवह्या जमवून वादळांचे मार्ग आखले, आणि पुढे पांप्लमूसची वेधशाळा सांभाळली. पण नोंदींनाही मर्यादा असते. एप्रिलच्या मध्यानंतर मोठे वादळ येत नाही असा सर्वांचा समज झाला होता. २९ एप्रिल १८९२ रोजी ते आले. दुपारी वारा एकाएकी पडला, वादळ संपले असे समजून लोक बाहेर आले, आणि मग उलट दिशेने वारा सुटला. तो वादळाचा डोळा होता. बाराशेच्या सुमारास माणसे मेली आणि पोर्ट लुईसचा मोठा भाग भुईसपाट झाला.

मजुराचा स्वतःचा असा हंगाम एकच, ऊसतोडणीचा. आपल्याकडे गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तेथे तो जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो. तिकडच्या मराठी घरांत गणपती येतो तो आपल्यासारखा चिखलपाण्यात नव्हे, तर कोरड्या हवेत, ऐन तोडणीत. संप कोणत्या महिन्यात करावा हे चळवळीतल्या माणसाला फार लवकर शिकावे लागते. ऊस उभा असताना आणि कारखाना पेटलेला असतानाच मालक ऐकतो. उबा जातीच्या उसाचा भाव कापला म्हणून १९३७ च्या ऑगस्टमध्ये मॉरिशसमध्ये दंगल झाली. युनियन-फ्लाक येथे गोळीबारात चौघे ठार झाले. तेथला मालक हिंदी वंशाचाच होता, हेही सांगून ठेवतो. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल येथे पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री पडली. ऑगस्ट आणि सप्टेंबर. दोन्ही महिने तोडणीचे.

एकोणिसाव्या शतकात त्या मळ्यांवर ‘दुहेरी कपात’ चाले. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. आज तेथला कायदा कसा आहे पाहा. १९६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत ‘अलिक्स’ आणि ‘कॅरोल’ या वादळांनी हजारो घरे उडवल्यानंतर बेटावर काँक्रीटची घरे उभी राहिली. वादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार असे वर्ग ठरले. तिसऱ्या वा चौथ्या वर्गाचा इशारा लागू असल्यामुळे जो कामावर येत नाही, त्याला त्या दिवसाचा पूर्ण पगार द्यावा, असे २०१९ चा कामगार हक्क कायदा सांगतो. अशा वेळी ज्याला कामावर ठेवून घेतले, त्याला पगाराशिवाय दर तासाला मूळ दराच्या तिप्पट भत्ता आणि फुकट जेवण द्यावे लागते. हे कलम सर्वांत जास्त लागू पडते ते हॉटेलांतल्या स्वयंपाक्यांना, वाढप्यांना आणि खोल्या झाडणाऱ्या बायांना. कारण बाकी सारे बेट दारे लावून बसले, तरी पाहुण्यांना जेवायला लागतेच.