जुन्या यंत्राचे ओझे

आणे-जुन्नर भागातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या पिढ्या लोकलगाडीने कामावर गेल्या. पण गाडीवरच्या तारेचा इतिहास फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणावयाचे ठरले आणि हा बदल पुरा होण्यास २०१६ साल उजाडले. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या धावल्या. एका गाडीच्या पोटात दोन संसार. उतारूला ते दिसले नाहीत. देखभाल करणाऱ्या कामगाराला दिसले. संगणकाच्या जगातही हाच प्रश्न उभा राहिला. त्याची ही हकिकत.

१९९१ साली हेलसिंकीतील लायनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ जातीच्या प्रोसेसरवर 'लिनक्स' लिहावयास घेतले. लिनक्स हा संगणकाचा गाभा. यंत्र आणि त्यावरची कामे यांच्यामधला मुकादमच म्हणा ना! तो कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, वाटावा, अशी मुभा पुढे लवकरच मिळाली. इंटेलने ३८६ बाजारात आणला १९८५ मध्ये. नंतरच्या ४८६ मध्ये एक सोय आली: आकडा तपासून, मध्ये कोणाला हात घालू न देता, तो बदलणे. ३८६ ला हे येत नव्हते. शिवाय 'येथे लिहू नये' अशी खूण असलेल्या जागी खुद्द गाभ्याने लिहिले, तरी तो अडवीत नसे. म्हणून गाभ्यात ठिकठिकाणी त्याच्यासाठी आडवाटा ठेवाव्या लागल्या. डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोल्नार यांनी त्या काढून टाकणारे बदल पाठविले व टॉर्वाल्ड्स यांनी ते मान्य केले. ज्या यंत्रावर लिनक्स जन्मला, त्यालाच २०१३ च्या ३.८ आवृत्तीने दार बंद केले.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस राग आला. जुने यंत्र बहुधा गरिबाच्याच पदरी असते. आमच्या संघटनेच्या कचेरीतला संगणकही दुसऱ्याने टाकून दिलेला. पण कामगार चळवळीत आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो: हे काम करणार कोण? प्रत्येक आडवाट म्हणजे कोणाचे तरी जागरण. नवी दुरुस्ती केली की तीही तपासावयाची, आणि तीही अशा यंत्रावर, जे फारच थोड्यांकडे उरले आहे. न तपासलेल्या वाटेतला दोष शेवटी सर्वांनाच बाधतो. दुसऱ्याच्या श्रमावर आपला हक्क सांगणे आम्हांस शोभत नाही.

मग मालकाने गिरणीला रातोरात कुलूप लावावे, तसेच हे झाले काय? नाही. ३८६ वर चालणारी ३.२ ही आवृत्ती २०१८ पर्यंत दुरुस्त होत राहिली, आणि तिची अक्षरन् अक्षर आजही खुली आहे. ज्याला गरज आहे त्याने चार माणसे जमवून ती पुढे चालवावी. कोणी अडविणार नाही. उलट विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ कित्येक जुने प्रोसेसर स्वीकारीत नाही, आणि तेथे ग्राहकाच्या हाती दुरुस्तीची किल्लीच नाही.

तेव्हा, श्रोतेहो, जुने कधीच सोडू नये, असा आमचा आग्रह नाही. मात्र सोडताना मुदत द्यावी, कारण सांगावे आणि किल्ली मागे ठेवावी. आपल्या शाळेसाठी, पतपेढीसाठी संगणक घेताना किंमत विचारालच. त्याबरोबर ही किल्ली कोणाकडे राहणार, तेही विचारा.