दिनविशेष : १३ सप्टेंबर १९८१ – पहिली टेरी फॉक्स दौड

हाडाच्या कर्करोगाने उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकावरून, सेंट जॉन्सहून, कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवत देशभर धावायला निघाला. कृत्रिम पाय पुढे येईपर्यंत धडधाकट पायावर दोनदा उडी घ्यायची, अशा चालीने तो रोज सुमारे ४२ किलोमीटर धावण्याचा प्रयत्न करी. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पोहोचला आणि त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, तो गेला.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला त्याच्या नावाने ७६० हून अधिक ठिकाणी सुमारे ३ लाख लोक धावले आणि ३५ लाख डॉलर जमले. या यशाचे श्रेय एकट्या टेरीला देणे अपुरे आहे. त्याची जिद्द प्रेरणा ठरली हे खरेच; पण गावोगावी मार्ग आखणारे, पाणी पुरवणारे, पैशांचा हिशेब ठेवणारे स्वयंसेवक नसते, तर ती प्रेरणा शोकसभांतच विरली असती. कोणी म्हणेल, धावण्याचा खटाटोप कशाला, थेट देणगी द्यावी. पण ही दौड स्पर्धा नाही. तिथे चालणारा, चाकाच्या खुर्चीतला, उपचार घेणारा असे सगळे सामावतात. एकदा दिलेली देणगी तिथेच संपते, शेजाऱ्यांसोबत घाम गाळलेला माणूस मात्र पुढच्या वर्षी पुन्हा येतो. दौड आजही दरवर्षी होते, ती याच बळावर. म्हणून आपल्या गावातल्या अशा दौडीतला सत्कार ठरवताना पहिला हार सर्वांत पुढे धावणाऱ्याला नव्हे, ती उभी करणाऱ्या स्वयंसेवकाला घाला.