सहा हजार एकरांतले दोनशे पाच

फ्रीमाँटच्या मराठी मंडळींना 'आर्डनवुड' म्हटलं की आधी घरांच्या किमती आठवतात, मग शाळा, आणि मुलं लहान असतील तर भोपळे! पण हे नाव आलंय एका शेतावरून. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट' मधलं आर्डनचं जंगल, त्यावरून.

जॉर्ज पॅटरसन १८४९ मधे सोनं शोधायला कॅलिफोर्नियात आला. सोन्यात काही जमलं नाही, म्हणून इथे खाडीकाठी दुसऱ्यांच्या शेतावर राबायला लागला. खाण्याऱ्यांची गर्दी वाढत होती, गव्हाला भाव होता. म्हणजे सोनं मातीतच होतं, फक्त खणायची पद्धत वेगळी. १८५७ मधे साधं शेतघर बांधलं, १८८९ मधे त्याला चांगला ऐसपैस वाडा जोडला. घराण्याची जमीन वाढत वाढत सुमारे ६,००० एकर झाली.

मग १९५६ मधे पाच गावं मिळून फ्रीमाँट शहर झालं. शहर वाढलं की शेतीचं गणित बिघडतं, हे पुण्याच्या आसपास गुंठ्यांचे व्यवहार पाहिलेल्यांना काय सांगायचं? नातवंडांच्या पिढीपर्यंत जमीन घरांसाठी जाऊ लागली. उरलेला सुमारे २०५ एकरांचा तुकडा शहराने घेतला आणि १९८५ मधे तिथे सार्वजनिक पार्क सुरू झाला. ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट तो चालवतं. सहा हजारांतले दोनशे पाच, म्हणजे शेकडा साडेतीनसुद्धा नाही. बाकीच्यावर आपण राहतो. 'शेत वाचवलं' असं म्हणताना हा हिशोब सोयीस्करपणे गाळला जातो, असं माझं मत. तरी तेवढं वाचलं हे बरंच झालं. तिथे अजून पिकं निघतात, आणि थंडीत निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं उतरतात. (निलगिरीही बाहेरचीच, ऑस्ट्रेलियातून आलेली.. आपल्यासारखी!)

अजून एक. वाडा बघताना इतिहास पॅटरसनपासून सुरू होतो असं वाटतं. पण त्याच्या आधी हा मेक्सिकन काळातला रांचो होता, त्याआधी १७९७ पासून सॅन होजे मिशनचा अंमल. आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे ओलोनी लोक राहत होते. पलीकडच्या कायोटी हिल्समधे शिंपल्यांचे ढीग आहेत, त्यांच्या जुन्या वस्तीच्या खुणा. दोन हजारांहून जास्त वर्षं जुने. त्यांचे वंशज आजही बे एरियातच राहतात.